राखेनं घासलेली काच

"दादा, आतलं काहीच दिसत नाय. पार आंधळं झालंय हे," असं म्हणत यमुनाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि घड्याळ काउंटरवर ठेवलं. बाई घोटीहून एसटीने आल्या होत्या. साठीच्या, घरची भातशेती. घड्याळ मात्र स्विस, सोन्याच्या केसचं. केस म्हणजे घड्याळाचं अंग. काच ताकासारखी पांढरी.

मी डोळ्याला भिंग लावलं. माझी शाळा चौथीत सुटली, पण काच मला वाचता येते. घड्याळ पडलं तर ओरखडा एकच येतो आणि खोल येतो. इथे बारीक बारीक हजार, सगळे गोल फिरलेले.

"कशानं घासलंत?"

"राखेनं. भाताच्या तुसाची. आमची तांब्याची भांडी बघा कशी लखलखत्यात!"

"भांडंच समजलात होय?"

बाई हसल्या नाहीत. सांगू लागल्या, त्यांचा भाऊ आखातात नोकरीला. एकदा रजेवर आला आणि जाताना हातातलं काढून म्हणाला, परत येईन तेव्हा घेईन, तोवर सांभाळ. मग काही आला नाही. भाऊ लांब असला की बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. या बाई घड्याळ पाटावर ठेवून ओवाळायच्या. त्याआधी दर दिवाळीला त्याला राखेची आंघोळ.

"यंदा येतोय तो. त्याला कळायला नको दादा, मी त्याच्या वस्तूची काय गत केली ती."

माझा मुलगा संजय शेजारीच बसला होता. हल्ली दुकान तोच चालवतो.

"अण्णा, नवीन काच टाका. दहा मिनिटांचं काम."

"या काचेच्या मधोमध आतून कंपनीची बारीक खूण आहे. तुझ्या नवीन काचेला आहे?"

"ती कोण बघतंय?"

"ज्याचं आहे तो बघेल. तू चहा सांग."

आजकालच्या भारी घड्याळांना सफायर काच असते, तिच्यावर सहसा ओरखडा उठतच नाही. ही जुनी, ॲक्रिलिकची. म्हणजे प्लास्टिकच. चटकन खरवडते, पण घासून पुन्हा साफही होते. आधी केसमधून घड्याळाचं मशीन बाहेर काढलं. सोन्याच्या कडेला टेप लावली. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, शेवटी पेस्ट आणि मऊ कापड. संजय म्हणाला, पॉलिशच्या मोटरवर धरा, लवकर होईल. मोटरवर प्लास्टिक तापतं आणि लाटा उठतात. मी हातानेच घासत बसलो. खूण आतल्या बाजूला, तिला धक्का नाही. काठाजवळची एक रेघ खोल होती. ती घालवायची तर काच तिथे पातळ झाली असती. ती राहू दिली.

बाई न्यायला आल्या तेव्हा काटा पळताना दिसत होता. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग डोळ्यांसमोर धरलं.

"अगदी तेव्हाचं वाटतंय," म्हणाल्या.

दिवाळी सरल्यावर बाई परत आल्या. हातात आमच्यासाठी नव्या तांदळाची पिशवी.

"आला का भाऊ?"

"आला ना! दोन रात्री राहिला. घड्याळ बघून म्हणाला, ताई, जसंच्या तसं ठेवलंस गं! लगेच मनगटावर बांधलं."

"मग झालं तर."

"बांधलं ते बांधलंच, दादा. तसाच गेला. त्याचंच हाय, मी कोण नको म्हणणारी?"

संजयने मान खाली घातली. बाईंनी शोकेसमधली घड्याळं एकेक करून पाहिली. मी एक काढून दाखवू लागलो तर हातानेच नको म्हणाल्या आणि स्टँडकडे निघाल्या.

काम चोख झालं होतं. आजही तसंच करीन. पण या धंद्यातलं एक सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं ओरखडे काढा, आपण काढतो. ते घड्याळ ओरखड्यांमुळेच घरात राहणार आहे का, हे विचारायची पद्धत आमच्यात नाही.