होडीमागे उभी राहायला गेले

मी पाण्यावर उभी राहायला शिकले नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कुणी शेवटपर्यंत आशा धरून बसायला नको. या वयात बायका काठी धरून उभ्या राहतात. मी होडीमागे दोरी धरून फळीवर उभी राहायला गेले आणि धरणाचं बरंचसं पाणी नाकातोंडातून घरी घेऊन आले.

आमचं घर शहापूरकडे, शेणवे गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या कडेला आहे. शेताचा एक तुकडा पाण्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो, म्हणून घरची फायबरची होडी आहे. तिला मागे इंजिन. मुलगा तिच्यातून मासे धरतो, खत नेतो, भाताचे भारे आणतो. पलीकडे पाणी जरा हटलं की कडेचा गाळ उघडा पडतो. त्यात दरवर्षी मी बोटानं भोकं पाडून वाल टोकते. तिथे मला कुणी काही विचारत नाही, मी कुणाला काही सांगत नाही. देवळात गेल्यापेक्षा मला तिथे जास्त बरं वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी होडीत चढताना माझा पाय सटकला. एक पाय होडीत, एक काठावर, आणि होडी हळूहळू निघालेली. बाईमाणूस किती फाकू शकतं ते मला त्या दिवशी कळलं. सुनेनं मागून लुगड्याला धरून ओढलं म्हणून मी अख्खी राहिले. मुलानं तिथेच हुकूम सोडला.

"आये, आता होडीत नाय बसायचं. पाण्यात पडलीस तर?"

"पडले तर येईन वर."

"सत्तरीची म्हातारी काय वर येते? आलीच तर फुगून येशील."

बोलण्यात मुलगा माझ्यावरच गेलाय, त्यामुळे त्याला नावं ठेवायची सोय नाही. पण होडी बंद म्हणजे वाल बंद. वाल बंद म्हणजे मी ओट्यावर बसून कोंबड्या हाकलायच्या, आणि कोंबड्या गेल्या की पुन्हा यायची वाट बघायची. एकदा का घरच्यांनी माणसाला ओट्यावर बसवलं की तिथून ते थेट चौघांच्या खांद्यावरच उठतं. हे मी आमच्या आळीत दोन-तीनदा पाहिलंय.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत नातीला नवं वेड लागलं. ती शहापूरला कॉलेजात जाते. मोबाईलवर तिनं कुठल्या तरी परदेशी पोरी होडीमागे फळीवर उभ्या राहून पळताना पाहिल्या. त्याला वेकबोर्ड म्हणतात म्हणे. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला बोर्ड म्हटल्यावर शाळेतला काळा फळा दिसला, आणि त्यावर बाई उभी. तसली फळी आमच्याकडे कुठून येणार? मुलानं मोडक्या होडीचा तळ कापून दिला, त्याचं पुढचं टोक आयतंच वर वळलेलं होतं. पाय अडकवायला ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या. हातात धरायला फावड्याचा दांडा, त्याला नायलॉनची लांब दोरी. बुडू नये म्हणून पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे, बुचं घट्ट लावून. विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना आम्ही असेच डबे बांधतो.

पोर चार दिवस आपटली. मग एका दुपारी उभी राहिली. होडी पुढे भर्रर्र जातेय, मागे पाण्याला पांढरी शेपटी, आणि त्यात आमची नात ताठ उभी. आळीतल्या बायका धुणं टाकून बघत होत्या. मीही बघत होते. गप्प बघितलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हटलं, "त्यात काय एवढं? लहानपणी मी हेच करायची."

हे खोटं नव्हतं. माझं माहेर मुरबाडकडे. लावणीच्या आधी शेतात चिखल केला की तो सपाट करायला बैलांच्या मागे आडवी फळी बांधतात. फळीला वजन हवं, म्हणून तिच्यावर कुणाला तरी उभं करतात. आमच्या घरातलं ते वजन म्हणजे मी. गुडघे वाकवायचे, मागे रेलायचं, आणि बैलांच्या शेपट्या काही झालं तरी सोडायच्या नाहीत. शेपट्या सुटल्या आणि बैल शेजाऱ्याच्या राबात, भाताच्या कोवळ्या रोपांत घुसले की बापाचा हात सुटायचा. त्यामुळे पडले तरी मी शेपटी धरून चिखलातून फरफटत जायची, पण बैल थांबवायची.

मुलगा होडी काठाला लावत होता. त्यानं ऐकलं.

"मग राहा की उभी! फळीवर उभी राहून दाखव, मग खुशाल होडीत बस. मी नाय अडवणार."

तो चेष्टा करत होता हे मला कळलं होतं. पण मी कळलं नाही असं दाखवलं. बायका साक्षीला होत्या.

"चल, काढ होडी."

"आई, तुमी खुळ्या झाल्या का?" सून म्हणाली.

"झाले. डबे बांध."

लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. नातीनं पाठीला डबे बांधले. मागून मी रॉकेलच्या दुकानासारखी दिसत असणार. बांधता बांधता ती सांगत होती, "आजी, पाण्यात बसायचं. गुडघे छातीशी. हात सरळ. दोरी ओढायची नाय आणि उठायची घाई नाय करायची. होडीच तुला उठवते."

"उभं राहायला मला कुणी शिकवू नको गो."

पाण्यात बसून कुणी उभं राहतं का? मी गुडघाभर पाण्यात फळी ठेवली आणि चिखलातल्यासारखी सरळ तिच्यावर चढले. फळी बुडाली. मुलानं इंजिन वाढवलं. माझे हात होडीबरोबर गेले, पाय होते तिथेच राहिले, आणि मधली मी तोंडावर आपटले. शेजारची एक बाई स्वतःच्या लग्नातसुद्धा हसली नव्हती, ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुसऱ्यांदा मात्र नातीचं ऐकलं. खोल पाण्यात गेले, फळीत पाय अडकवून बसले. होडी निघाली, मी उठायची घाई केली, आडवी झाले. दांडा सोडला नाही. पाण्याखालून फरफटत निघाले. एकदा तोंड वर आलं तेव्हा ओरडले, "हो! हो!" बैलाला थांबवताना ओरडतात तसं. इंजिनाच्या आवाजात मुलाला काही ऐकू गेलं नाही. त्याला फक्त आईचं उघडं तोंड दिसलं. त्याला वाटलं, म्हातारी जोरात घे म्हणतेय. त्यानं जोरात घेतली.

फळी केव्हाच मागे राहिली होती. मी दांड्याला लटकलेली, पोटात पाणी, डोळ्यांत पाणी. काठावरून नात बोंबलत होती, "सोड! आजी, दांडा सोड!"

शेवटी होडी थांबली. नात पोहत आली.

"पडल्यावर दांडा सोडायचा असतो गो आजी! धरून काय ठेवतेस?"

"सोडला आणि होडी पळाली म्हंजे?"

"होडीत बाबा बसलाय!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सबंध वेळ मी मुलाला बैलांमध्ये मोजत होते.

त्यानंतर किती वेळा पडले ते मी मोजलं नाही. बायकांनी मोजलं असेल, त्यांना विचारा. उजवीकडे पडले, डावीकडे पडले, एकदा बसल्या बसल्याच पडले. एकदाच काय ते जमत आलं. फळी पाण्यावर आली, ढुंगण पाण्यातून सुटलं आणि काठावरची झाडं सरकायला लागली. मला वाटलं, उभी राहिले! नंतर सुनेनं सांगितलं, "उभ्या कुठे, शेतात बसतात तशा बसलेल्या होत्या तुमी." तशी बसलेली का होईना, मी खूश होऊन बायकांकडे बघायला मान वळवली आणि मागच्या मागे गेले.

या वेळी दांडा सोडला. आणि नेमकी तेव्हाच होडी वळताना दोरी इंजिनाच्या पंख्यात अडकली. इंजिन बंद पडलं. मी पाण्याच्या मध्यावर, होडी लांब, वाऱ्यानं आणखी लांब चाललेली. पाठीचा एक डबा सुटून स्वतःच काठाला निघालेला. नात काठावर, सूनही काठावर.

"आये! आये!" मुलगा होडीत उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज फाटला होता. वल्ह्यानं होडी वळवायला बघत होता, ती वळेना.

मला भीती वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मला थंडी वाजत होती आणि राग आला होता. काष्टा सुटून लुगड्याचं टोक पायात येत होतं. ते दातात धरलं, फळी छातीखाली घेतली आणि लहानपणी विहिरीत शिकले तशी कुत्र्यासारखी हातपाय मारत काठाला आले. वेळ लागला. वर आले ती चार पायांवर. मुलगा त्यानंतर पोचला.

"परत एकदा घेऊ," मी म्हटलं.

"आता बस," तो म्हणाला. नातही म्हणाली, बस.

मी हरले होते. चूल पेटवून शेकत बसले. मुलगा पंख्यातली दोरी सोडवून आला आणि समोर बसला. मी म्हटलं, "बायकोला सांग, वाल भिजत घाल. उद्या तीच जाऊ दे पलीकडे."

"तूच जा."

"मी? उभी कुठे राहिले?"

"उभं राहायचं घाल चुलीत. पडशील म्हणून मला भीती होती. आज दुपारभर पडतानाच बघितली तुला." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "येतेस वर. पण चढताना माझा हात धरायचा. आणि डबे बांधायचे."

"दोन्ही डबे? रोज?"

"दोन्ही."

"एक."

"आये, मी तुला आज पाण्यात शोधत होतो."

मी दोन्हींना कबूल झाले.

असा मी पडून पडून खटला जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना. हात खांद्याच्या वर जाईना. चहाचा कप सून तोंडाला लावत होती आणि तोंड दाबून हसत होती. चढायची परवानगी मिळालेली बाई मोरीपर्यंत नातीच्या आधारानं जात होती. वाल भिजून, मोड येऊन, उसळ होऊन संपले. दुसरे भिजत घालावे लागले.

अंग सुटल्यावर गेले. मुलाचा हात धरून चढले, डबे बांधून मधोमध बसले. काठावरच्या बायका काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडे उतरले, पण कंबर काही वाकेना. मग गाळात बसले आणि बसल्या बसल्या पुढे सरकत वाल टोकायला लागले.

मुलगा होडीतून बघत होता. "आये," तो ओरडला, "फळी आणू का? दोरीनं ओढतो तुला."

मी गाळाचा गोळा करून त्याला मारला. हात अजून वर जात नव्हता. गोळा माझ्याच पायाशी पडला.