जपानची अस्वलं

कोहमारा गावातल्या चहाटपरीवर एक गावकरी रोज पेपर मोठ्यानं वाचतो आणि अख्ख्या जगाला झापतो. जपानात रेल्वे मिनिटभर उशिरा आली म्हणून साहेबानं माफी मागितली, तर हा म्हणाला, "एका मिनिटासाठी कायले रडून राहिला बे?"

परवा बातमी होती की तिकडे अस्वलं गावात शिरून माणसांवर धावताहेत.

"गोळ्या घालाव्यात सरळ," मी म्हणालो.

तो पहिल्यांदाच माझ्यावर उखडला. "काऊन गुरुजी? जंगलात त्यायले खायाले उरलं नसन." मोहफुलं वेचताना अस्वलानं फाडलेल्या आपल्या कानावरून त्यानं बोट फिरवलं. "आमी तवापासून मोहाचं एक झाड त्यायच्यासाठी सोडतो. जपानवाल्यायले तेवढं कळवा."