गाभाऱ्यातून वर

दादाने अंबरनाथच्या देवळात जायचं मनावर घेतलं ते थंडीच्या दिवसांत. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याची खोली होती, तिथून देऊळ रिक्षाने अगदी जवळ. लहानपणी आई आम्हा दोघांना महाशिवरात्रीला न्यायची, पण त्या गर्दीत आम्हाला पुढच्यांच्या पाठीच दिसायच्या. पुढे तो कामाला लागला, मी लग्न होऊन बदलापूरला गेले, आणि देऊळ राहूनच गेलं. एका दुपारी मी त्याला भेटायला गेले तर म्हणाला, "एकदा रिकामं असताना बघायचंय ते."

दादा तेव्हा चाळिशीतला. जीन्सच्या कारखान्यात नव्या पँटींवर वाळूचा फवारा मारून त्या जुन्या, विटलेल्या दिसतील असं करायचं, हे त्याचं काम. तोंडाला रुमाल बांधून त्याने ते वर्षानुवर्षं केलं. आधी खोकला आला, मग दम लागायला लागला. दोन डॉक्टरांनी टीबीची औषधं दिली. तिसऱ्याने एक्स-रे पाहून सांगितलं, की धूळ बसून फुप्फुसं कडक झालीत, ती आता सुधारणार नाहीत. तोवर कारखाना बंद पडला होता आणि मालक कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं.

वहिनी कामावर गेली होती. मी रिक्षा बोलावली. देवळाशेजारून वालधुनी वाहते. तिचं पाणी त्या दिवशी काळपट निळं होतं आणि वास असा, की दादाने उतरल्या उतरल्या नाकावर रुमाल धरला. आवारात मात्र खरंच शांत होतं. दर्शनाला आलेली थोडी माणसं, बेल विकणारी एक बाई, बस्स.

त्याने बाहेरून प्रदक्षिणा घालायला घेतली. चार पावलं चालायचा, भिंतीला हात टेकून थांबायचा, पुन्हा चालायचा. थांबला की समोरचं कोरीव काम बघायचा. हजार वर्षांच्या ऊनपावसाने मूर्तींचे चेहरे पुसट झालेत, कुणाचे हात गेलेत, तरी कमरेचे दागिने बारीकसारीक दिसतात. एका नाचणाऱ्या बाईच्या मूर्तीपाशी तो बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, दम खातोय.

"हे कोरणाऱ्यांच्याही छातीत दगडाची धूळ गेली असणार," तो म्हणाला. "ते मेले कशाने, ते कुणी विचारलं असेल का?"

मी त्याचा हात धरून त्याला मंडपाकडे वळवलं.

या देवळाचा गाभारा जमिनीखाली आहे. मंडपातून उंच, अरुंद पायऱ्या उतरून जावं लागतं. मी त्याला म्हटलं, तू इथेच बस, मी तुझ्या वतीने डोकं टेकवून येते. त्याने ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरला, आणि उतरताना त्याला फारसा त्रास झाला नाही म्हणून मीही निश्चिंत झाले.

खाली ओलसर गारवा होता, दुधाचा आणि उदबत्तीचा वास कोंडलेला. दादाने पिंडीला हात लावला आणि तो तिथेच ओल्या फरशीवर बसला. ओठ निळसर झाले. छाती भात्यासारखी चालली होती, पण हवा आत जात नव्हती. मी पाठ चोळत राहिले. पायऱ्यांवरच्या लोकांना पुजाऱ्यांनी मागे हटायला सांगितलं. दर्शनाला आलेला एक गृहस्थ खाली आला. डोकं पांढरं झालेलं, माझ्या वडिलांसारखा दिसणारा. त्याने दादाला पाठुंगळी घेतलं. मी मागून धरलं होतं.

"बाबा, गळ्याला घट्ट धरा," तो दादाला म्हणाला. दादापेक्षा तो निदान पंधरा वर्षांनी मोठा असेल.

वर आणून त्याने दादाला मंडपाच्या कठड्याला टेकवून बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा दर्शनाला गेला. दादाने मान भिंतीकडे वळवली होती. बऱ्याच वेळाने श्वास ताब्यात आला, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं, की हिला, म्हणजे वहिनीला, यातलं काही कळू देऊ नकोस.

संध्याकाळी मात्र त्याने स्वतःच सगळं सांगितलं, जणू गंमत झाली होती. एका म्हाताऱ्याने मला पाठीवर घेऊन देव दाखवला, म्हणाला. वहिनी हसली नाही. त्याची ओली पँट धुवायला घेऊन ती तशीच मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर तो खोलीबाहेर पडला नाही. उन्हाळा सुरू होता होता गेला. शेवटच्या आठवड्यात बोलणंही बंद झालं होतं. मी हात धरून बसले की नुसता बघायचा.

दहाव्याला त्या बंद पडलेल्या कारखान्यातले त्याचे दोन जुने सोबती आले; आता ते दुसऱ्या कारखान्यात तेच काम करतात. दाराशीच बसले. चहा घेताना त्यातला धाकटा दोनदा उठून खोकायला बाहेर गेला. निघताना त्याने मला बाजूला घेतलं.

"ताई, दादाला पहिल्यांदा काय व्हायचं? जिना चढताना का रात्री झोपताना?"

दोन्ही, मी सांगितलं. त्याला म्हटलं, उद्याच्या उद्या एक्स-रे काढून घे.

"रविवारी काढतो," तो म्हणाला. "मधल्या दिवसांत सुट्टी नाही देत."