पाचव्या दिवशीचा नमुना

सिक्स्टन नोरबी हा माणूस जन्मालाही अकरा दिवस आधी आला. त्याची आई सांगायची, की सुईण अजून कोट काढत होती तोवर हा बाहेर. पुढे सत्तावन्न वर्षं त्याने हीच चाल ठेवली. दाताच्या डॉक्टरकडे अर्धा तास आधी, लग्नाला पाऊण तास आधी, आणि घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायलासुद्धा बायकोच्या आधी जाऊन खुर्ची धरून बसलेला. पोटासाठी तो बस चालवायचा. बसचं एक वाईट असतं, ती वेळेआधी सोडता येत नाही. म्हणून हा प्रत्येक मोठ्या स्टॉपवर सात मिनिटं आधी पोचायचा आणि दारं बंद करून घड्याळाकडे बघत बसायचा. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या काचेतून त्याच्याकडे बघत बसायच्या.

कुणी जेवायला बोलावलं की गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची आणि काटा बरोबर जागेवर येईपर्यंत आत बसून राहायचं. दालार्ना प्रांतातल्या त्याच्या गावात हे सगळेच करतात. फक्त बाकीचे पाच मिनिटं बसतात आणि सिक्स्टन पंचवीस.

या माणसाने आयुष्यात एकदाच बस उशिरा सोडली. सात बेचाळीसची. वाचनालयात काम करणारी राग्नहिल्ड एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव घेऊन रस्ता ओलांडत होती. सिक्स्टन चाळीस सेकंद थांबला. आत चढून ती म्हणाली, "आज तुझं घड्याळ बिघडलंय वाटतं." त्याने दार बंद केलं. कान मात्र लाल झाले. हे जूनमधलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो दरवर्षीसारखा नाचाच्या मेळाव्याला गेला. तिथे पन्नाशीच्या पुढचे हजारेक लोक फिरती घरं घेऊन मैदानावर उतरतात आणि आठवडाभर वाद्यवृंदांच्या तालावर घाम गाळतात. एरब्रू शहरातून आलेली वीवेका त्याच्यासोबत सलग सहा गाणी नाचली, आणि शेवटच्या दिवशी तो आपल्या तंबूत परतलाच नाही. निरोधाचा विषय निघाला तेव्हा दोघंही हसली. या वयात कशाला, मूल थोडंच होणार आहे. दुसऱ्या दिवशी कॉफी झाली, हात हलवून झाले, वीवेका दक्षिणेला गेली आणि हा उत्तरेला.

परतल्यावर राग्नहिल्डने आपण होऊन विचारलं, एखाद्या रविवारी कॉफीला येशील का. आता सिक्स्टन व्यवस्थित माणूस. नव्या घरात जाताना बूट पुसून जावं, इतक्या साध्या विचाराने त्याने सरकारी आरोग्य केंद्राच्या संकेतस्थळावरून क्लॅमिडियाची, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाची, घरच्या घरी करायची टेस्ट मागवली. फुकट मिळते, टपालाने येते. पाकिटातला कागद त्याने चष्मा लावून वाचला. त्यावर दोन आठवड्यांचा काहीतरी उल्लेख होता. सिक्स्टनच्या डोक्यात कुठलाही आकडा गेला की त्याची शेवटची तारीख व्हायची. वीजबिल, गाडीची तपासणी, करविवरण. दोन आठवड्यांच्या आत म्हणजे उद्याच. वीवेकाला भेटून पाचवा दिवस होता. पहाटेची पहिली लघवी नळीत, नळी पाकिटात, पाकीट टपालपेटीत, आणि पाच चाळीसला हा कामावर.

आठवड्याने फोनवर उत्तर आलं: क्लॅमिडिया आढळला नाही.

रविवारच्या कॉफीला त्याने ते राग्नहिल्डला दाखवलं. दहावीचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसं, फोन टेबलावर सरळ करून.

"मी विचारलं होतं का?" ती म्हणाली.

"नाही. पण असलेलं बरं."

"कॉफीबरोबर हे दाखवणारा तू पहिलाच." पण ती हसत होती. आणि तिने तो निकाल मनात धरला, हे त्याला फार उशिरा कळलं.

ऑगस्ट चांगला गेला. दोघं जंगलात पिवळी अळंबी वेचायला गेली, तिने त्याला आपल्या गायनवृंदातली गाणी ऐकवली, त्याने तिला बसचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं. निरोधाचा विषय या वेळी निघालाच नाही. सप्टेंबरच्या मध्याला ती थंड पडली. एकदा बहीण आजारी, एकदा डोकं दुखतंय, एकदा काहीच कारण नाही. सात बेचाळीसला ती दिसेनाशी झाली. आधीची बस धरायला लागली म्हणे. जिने आयुष्यात काही वेळेवर धरलं नाही, ती. सिक्स्टनने मनाशी ठरवून टाकलं, की ती कंटाळली.

ऑक्टोबरमध्ये आरोग्य केंद्राचं पत्र आलं. साधं पांढरं पाकीट. तुम्हाला क्लॅमिडियाचा संसर्ग झालेला असू शकतो, अशी माहिती आमच्याकडे आली आहे. तपासणी करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. माहिती कुणी दिली ते सांगता येत नाही.

त्याने ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि परत वाचलं. डाव्या पायातला बूट काढायचा राहूनच गेला होता.

वीवेका, दुसरं कोण. पण आपल्याकडे तर निकाल आहे. तो फोन हातात घेऊनच केंद्रात गेला. अर्थात चाळीस मिनिटं आधी.

तिथली नर्स मायलिस त्याची मुलगी शोभेल एवढ्या वयाची होती. केस आखूड, कपाळावर चष्मा. तिने फोनवरचं उत्तर वाचलं आणि विचारलं, "नमुना कधी घेतलास?"

"चौदा जुलै. पहाटे साडेपाच."

"आणि त्याआधी कुणाच्या जवळ कधी गेला होतास?"

"नऊला."

मायलिसने चष्मा डोळ्यांवर घेतला. "पाच दिवस."

"हो. मी उशीर करत नाही."

"सिक्स्टन, पाकिटात कागद होता. दोन आठवडे झाल्यावर नमुना घ्या, असं लिहिलेलं असतं त्यावर. मोठ्या अक्षरात."

"मला वाटलं दोन आठवड्यांच्या आत."

तिने फोन त्याच्याकडे परत सरकवला. "काय काम करतोस तू?"

"बस चालवतो."

"मग सांग. तू स्टॉपवर फारच आधी पोचलास, तिथे कुणी उभं नाही. तर तू ऑफिसला काय कळवशील, या गावात माणसंच राहत नाहीत?"

सिक्स्टनने फोन खिशात टाकला.

"टेस्ट वाईट नाहीये. जंतू असतील तर शंभरात नव्वदाहून जास्त वेळा पकडते. पण त्यांना वाढायला वेळ लागतो. पाचव्या दिवशी टेस्टच्या हाती लागण्याइतके ते नसतातच बऱ्याचदा."

"पण मला काही होत नाहीये. जळजळ नाही, काही नाही."

"निम्म्या पुरुषांना काही होत नाही. बायकांमध्ये तर त्याहून जास्त जणींना."

हे ऐकलं आणि त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ऑगस्ट. अख्खा ऑगस्ट. अळंबी, गाणी, आणि टेबलावर सरळ करून ठेवलेला तो फोन.

नवा नमुना दिला आणि चौथ्या दिवशी मायलिसचा फोन आला. आहे. नऊ दिवसांच्या गोळ्या, त्या संपेपर्यंत कुणाच्या जवळ जायचं नाही. आणि गेल्या वर्षभरातली सगळी नावं हवीत. पुन्हा केंद्रात जाऊन त्याने दोन नावं दिली आणि एवढीच का म्हणून उगाच शरमला. वीवेकाचं नाव लिहिताना मायलिसने आडनाव विचारलं, गाव विचारलं, फोन नंबर विचारला. राग्नहिल्डचं नाव लिहिताना काहीच विचारलं नाही.

"तिला मीच सांगतो," तो म्हणाला.

"सांग. आजच सांग. आणि गोळ्या संपल्या की दुसऱ्या दिवशी पळत येऊ नकोस. मेलेल्या जंतूंचे अवशेषही टेस्टमध्ये दिसतात आणि उगाच परत घाबरशील. आजपासून चार आठवड्यांनी."

"तीन आठवडे आणि—"

"चार, सिक्स्टन."

त्याच दुपारी तो न सांगता राग्नहिल्डच्या दारात गेला. त्या गावात कुणी न सांगता जात नाही. तिने दार उघडलं, त्याला आत घेतलं, बस म्हणाली नाही. तो बूट काढून उंबऱ्याजवळच्या पायपुसण्यावर उभा राहिला. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

"मला क्लॅमिडिया आहे," तो म्हणाला. "म्हणजे तुलाही असेल. तुला तपासून घ्यावं लागेल."

राग्नहिल्ड भिंतीला टेकली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. होतं ते त्याला ओळखता येईना.

"मला माहितीये," ती म्हणाली. "तुझं नाव मीच दिलं."

त्याला आधी ते कळलंच नाही. "तू? मला वाटलं—"

"सप्टेंबरमध्ये ओटीपोटात दुखायला लागलं. तपासणीत निघालं. गोळ्या घेऊन झाल्या माझ्या." तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्यांनी नावं विचारली. मी दोन दिली. तुझं, आणि तूरेचं."

तूरे म्हणजे गायनवृंदाचा प्रमुख. उंच, विधुर, आवाज जड.

"तूरे?"

"फेब्रुवारीतलं आहे. तुझ्या आधीचं. तोंड मिटून घे." तिने नाक पुसलं. "डॉक्टर म्हणाली, हे महिनोन्‌महिने गुपचूप बसून राहू शकतं. मग मी हिशेब केला. तुझ्याकडे तर निकाल होता, सिक्स्टन. तुझा स्वच्छ. म्हणजे मीच घाण. म्हणजे मीच तुला दिलं. तीन आठवडे मी हेच धरून बसलेय. तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून केंद्राकडून पत्र पाठवायला लावलं."

सिक्स्टनला बसावंसं वाटलं, पण बस म्हटलेलं नव्हतं.

"आणि तूरे?"

"तूरे तपासून आला. काही नाही त्याला. म्हणजे त्याच्याही आधीपासून माझ्यातच असणार, असं धरलं मी. त्याला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं मी, पत्राआधी, माणुसकी म्हणून. पुढच्या तालमीला त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला दुसऱ्या ओळीतून मागे उभं केलं. एकोणीस वर्षं गातेय मी तिथे. त्यानंतर गेले नाही."

तेव्हा त्याने सांगितलं. नऊ जुलै, चौदा जुलै, पाच दिवस, आणि कागदावर काय लिहिलेलं होतं.

"तू कागद वाचला नाहीस," ती म्हणाली.

"वाचला. उलटा समजलो."

"आईशपथ, तू एकदा, आयुष्यात फक्त एकदा, दहा दिवस उशीर केला असतास तर." ती हसली की रडली ते त्याला सांगता आलं नसतं. "जा आता. तूरेला जाऊन सांग. मी नाही सांगणार. तुझ्या तोंडाने सांग."

तो गेला. तूरेने दारातच ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तिला मागच्या ओळीत टाकलं."

"हो. म्हणाली ती."

"देवा रे," तूरे म्हणाला आणि कोट न घालताच बाहेर येऊन पायरीवर बसला.

वीवेकानेही त्याच आठवड्यात फोन केला. तिलाही निघालं होतं, काही त्रास नव्हता, कळवलंस ते बरं केलंस म्हणाली. कुणाकडून कुणाला गेलं यावर दोघांनी थोडा विचार केला आणि मग तो सोडून दिला.

राग्नहिल्ड पंधरा दिवसांनी तालमीला गेली. तूरेने सगळ्यांसमोर तिला पहिल्या ओळीत बोलावलं, तेव्हा ती दुसऱ्या ओळीत जाऊन उभी राहिली. सिक्स्टनला तिने एकच निरोप पाठवला. चार आठवडे झाले की टेस्ट कर. उत्तर आलं की त्या शनिवारी दोन वाजता ये. एक दिवस आधी नाही.

नमुना त्याने अठ्ठाविसाव्या दिवशी दिला. आदल्या दिवशी दोनदा पाकीट हातात घेऊन परत ठेवलं. उत्तर आलं, आढळला नाही, आणि या वेळी त्याने ते कुणाला दाखवलं नाही.

शनिवारी एक वाजून पस्तीस मिनिटांनी तिच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी लागली. इंजिन बंद, हात मांडीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतला पडदा हलला. पंधरा मिनिटं काही झालं नाही. मग इमारतीचं दार उघडलं आणि राग्नहिल्ड बाहेर आली. अंगात घरातला स्वेटर, पायात बाहेरचे बूट. तिने गाडीचं दुसरं दार उघडलं आणि शेजारी बसली.

त्याने तोंड उघडलं.

"अजून आठ मिनिटं आहेत," ती घड्याळाकडे बघत म्हणाली. "गप्प बस."