टाक्याची की बिनटाक्याची
स्पिरिटच्या वासाने तिसगावचा जुना दवाखाना आठवला. मांडीवर लेकरू घेऊन मी बाकावर बसले होते आणि मालक डॉक्टरांना खोदून खोदून विचारत होते, पुरुषाची नसबंदी टाक्याची पक्की की बिनटाक्याची? डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पक्क्या. बिनटाक्याची जखम लवकर भरते. आत नसेचं टोक जाळलं की खात्री आणखी. नंतर थोडे दिवस लंगोट बांधायचा, बस." मालकांना सगळं पटलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्याला लई जड कामं अस्त्यात. हिचंच उरकून टाका." टेबलावर मी गेले. ते टाके उन्हाळाभर ठणकत राहिले. आज तसल्याच बाकावर सून बसलीय आणि तेव्हाचं माझ्या मांडीवरचं लेकरू डॉक्टरांना तेच विचारतंय. पिशवीतला नवा लंगोट काढून मी त्याच्या हातात दिला.