मासवणची पहिली धार

त्या काळी आम्हां दोघांना एकच नाद होता. सुट्टी आली की सायकली काढायच्या आणि पालघर तालुक्यात पिण्याचं एखादं नवं ठिकाण शोधायचं. माझा मित्र मुरबे गावच्या कोळ्याचा मुलगा, बोट सोडून तारापूरच्या एका कारखान्यात लागलेला. मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून. मुरब्याची ताडी सकाळी गोड आणि दुपारनंतर आंबट, कोळगावच्या वाटेवरच्या गुत्त्यात संत्र्याचा वास मारलेली देशी, यावर आम्ही मोठ्या जाणकारीने बोलायचो. पण मन रमायचं ते मासवणला, एका वारली आजीच्या झोपडीत.

ती मोहाची गाळायची. पहिल्या धारेची आमच्यासाठी राखून ठेवायची. द्यायच्या आधी भुईवर दोन थेंब सांडायची, ते देवाचे. मग थोडी चुलीतल्या निखाऱ्यांवर शिंपडायची. भक्कन निळा जाळ उठला की म्हणायची, "पेटली. आता पी."

"आनि नाय पेटली तं?" मित्र दर वेळी विचारायचा.

"तं पानी हाय. कोळ्याच्या पोराला पान्याचं काय भ्याव?"

ऐंशीच्या दशकातला एक रविवार आम्ही तिथेच घालवला. सोमवारी सकाळी मित्राचं डोकं चढलं होतं. त्याची रजा होती, त्याला उताऱ्याला थोडी हवी होती. मला दुसरी पाळी होती आणि गेटवर तोंडाचा वास घेत, म्हणून मी पिणार नव्हतो. बोईसरला कारखान्यांच्या भिंतीमागे दारूची एक नवी झोपडी निघाली होती, तिथे मीच त्याला नेलं.

कोपऱ्यात निळं पिंप होतं. वरचा शिक्का खरवडलेला, तरी मी ते ओळखलं. तसली पिंपं रोज माझ्या हाताखालून जात.

"कंपनी का माल है साहब, एकदम प्योर," झोपडीवाला म्हणाला.

मित्राने ग्लास हुंगला. "याला वासच नाय. तू स्टोअरवाला, तू सांग. पिऊ?"

मी बाटलीच्या बुचात थोडी ओतली, काडी लावली. उन्हात ज्योत दिसेना. बोट जवळ नेलं तर चटका बसला.

"पेटली," मी म्हणालो. "आजीचीच परीक्षा. आणि ही गावठी नाही, आपल्या कारखान्यातली."

मला ते खरंच वाटत होतं. गावातल्या मडक्यापेक्षा कंपनीचं पिंप स्वच्छ. आमच्या शेडमध्ये मिथेनॉलसारखी पेटणारी विषं रांगेने उभी असत, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात बोंबील वाळत होते, डोळे दिपतील असं ऊन होतं. तो ओट्यावर बसून बायकोला म्हणत होता, "कंदील लाव गो. काळोख पडला." ती माझ्याकडे बघत राहिली.

इस्पितळात मित्र शुद्धीवर नव्हता. पोलिसांनी मला विचारलं, कुठे प्यायलात? झोपडी सांगितली असती तर ते पिंपापर्यंत आले असते, पिंपावरून स्टोअरपर्यंत, आणि मग माझ्यापर्यंत. मी म्हणालो, मासवणला. ते खोटं नव्हतं, म्हणून पटकन तोंडातून निघालं. झोपडीवाला तोवर पळाला होता. तिथे आणखी कुणी प्यायलं असेल तर ते परप्रांतातले मजूर. त्यांची चौकशी कुणी केली नाही.

घर दाखवायला पोलिसांनी मलाच नेलं. मडकी फोडली, वाळवलेला मोह ओहोळात ओतला. जीपमध्ये बसवताना आजी माझ्याकडे वळली.

"पोरा, पेटली व्हती ना रं? तू बघलास ना?"

मी फुटक्या खापऱ्यांकडे बघत उभा राहिलो.

ती सुटून आली, पण पाड्यावर तिला भुताळी, चेटकीण म्हणू लागले. लग्नाकार्याला कुणी बोलवेना. मित्र पुढे कित्येक वर्षं मुरब्याला चाचपडत जाळी विणत होता. बोईसरची मीच पेटवून दाखवलेली, म्हणून त्याचा सगळा संशय मासवणवर. मी गेलो की म्हणायचा, "म्हातारीनं डोळे खाल्ले माजे." मी त्याच्या हातात चहाची बशी द्यायचो. तो तसाच, तिला शिव्या देत गेला. त्याच्या आधी ती गेली. तिच्या नातवंडांना मासवणला अजून भुताळीची म्हणतात.

आजी, पेटली होती. मी बघितली होती.