वास येत होता, असं मी म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तोंड उघडलंच नसतं, एवढा मी हुशार आहे. मध्येच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा. पण ‘जाऊ द्या हो, झालं ते झालं’ असं मात्र म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दारव्ह्याला माझं गॅरेज होतं. ती कापसाची वाईट वर्षं. तुम्ही पेपरात वाचली असतील, आम्ही त्यात राहत होतो. कोणा शेतकऱ्याने जीव दिला की बाहेरगावाहून गाड्या यायच्या, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं उतरायची आणि सगळ्यात आधी विचारायची — पीत होता का? असा संताप यायचा मला! अरे, माणूस मेलाय आणि तुम्ही त्याच्या तोंडाचा वास काय घेता? चहाच्या टपरीवर मी हे मोठमोठ्याने बोललोय. लोक माना डोलवायचे. मिस्त्री खरं बोलतो म्हणायचे.

खरं बोलतो!

वसराम बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, हा पिकअपमध्ये कापूस वाहायचा — तांड्याचा, आजूबाजूच्या गावांचा, थेट सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापर्यंत. गाडी जुनी, पण त्याचा जीव की प्राण. इंजिन मात्र पार दमलेलं. भरल्या गाडीला चढ लागला की ती धूर ओकत उभी राहायची. शेवटी त्याने अकोल्याच्या भंगारातून, उलटलेल्या एका नव्या पिकअपचं इंजिन आणि गियरबॉक्स उचलून आणलं. ते त्याच्या म्हातारीत बसवायचं काम माझं.

काम मी चांगलं केलं. हे सांगायची काही गरज नाही, पण सांगतोय बघा — माज जात नाही माणसाचा. इंजिन टेकतं ती फाउंडेशनं कापून नवी वेल्ड केली. नवा बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर आखूड करून घेतला. गाडीखाली पडून पाठ सोलून निघाली. स्टार्टर मारला तर पहिल्या फटक्यात सुरू.

फक्त एक गोष्ट होती. जुन्या गाडीत दांडी पूर्ण डावीकडे ओढून वर ढकलली की पहिला गियर पडायचा. नव्या बॉक्समध्ये नेमका त्याच जागी रिव्हर्स. पहिला त्याच्या शेजारी, थोडा अलीकडे. दांडीवरच्या नव्या मुठीवर तसा नकाशा कोरलेला होता. पण वसरामला आपली जुनी पितळी मूठच हवी होती, हाताला तिची सवय झालीय म्हणाला. मी बसवून दिली. तिच्यावर जुना नकाशा.

सांगायला हवं होतं ना? सांगणारच होतो. गाडी मीच चालवत बोरी अरबला नेली, वसराम शेजारी बसून. तिथे कापूस भरला. आता पुढे तो नेणार, म्हणून मी खाली उतरलो आणि म्हणालो, “वसराम, गियर जरा पाहून घे —” तो खुशीत होता, नवरदेवासारखा. सगळ्यांसमोर ओरडला, “मले गाडी शिकवून राह्यला का बे मिस्त्री? तू आपला पाना धर!”

लोक हसले. बस, एवढंच. काय होतं हो त्यात? दोस्ताने दोस्ताला मारलेला टोमणा. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. पण मला झोंबलं. माझी मेहनत, माझी सोललेली पाठ, आणि हा मला पाना धरायला सांगतो? मनात म्हणालो — घे मग. बसू दे एक झटका. जाऊ दे गाडी हातभर मागे, हसू दे लोकांना तुझ्यावर.

मागे नामदेव हमाल भरलेल्या कापसावरचा दोर आवळत होता. तो मला दिसला नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. आज खरं सांगतो — दिसत होता.

वसरामने सवयीने दांडी डावीकडे ओढून वर ढकलली. नवं इंजिन ते. हातभर कशाचं जातंय? नामदेव गाडी आणि मागची भिंत यांच्यामध्ये सापडला. त्याचा पाय — नको. पुढे तो गुडघ्याखाली कापावा लागला, एवढं पुरे.

सगळे मागे धावले. वसराम उडी टाकून, किंचाळत धावला. आणि मी? मी गाडीत चढलो. पितळी मूठ फिरवून काढली, पेटीतली नवी मूठ काढून बसवली. नामदेवचं ओरडणं ऐकत बसवली. आटे पहिल्याच फेऱ्यात बरोबर बसले.

लोकांनी वसरामला धरून ठेवलं होतं. तो एकच म्हणत होता, “मी पयलाच टाकला होता! पयलाच टाकला होता!” हवालदार आला. त्याने मूठ पाहिली, नकाशा पाहिला, मला विचारलं, “गाडीत काही फॉल्ट होता का?” मी नाही म्हणालो. तिथे तरी थांबायचं! कोणी मागितलं होतं पुढचं वाक्य? मी आपणहून म्हणालो, “वास येऊन राह्यला होता त्याच्या तोंडाचा.”

वसराम घेत नव्हता. कधीच नाही. लग्नात, होळीला कोणी आग्रह केला की हात जोडायचा. मी त्याच्या घरी त्याच्या ताटात जेवलेला माणूस, मला माहीत नव्हतं होय? पण कोणी तपासलं नाही. तांड्यावरचा माणूस म्हटल्यावर कोणाला गरजच वाटली नाही. एक वाक्य मी बोललो, बाकीचं गावाने पूर्ण केलं. आणि मला ठाऊक होतं की गाव ते करणार! म्हणूनच तर तेच वाक्य निवडलं. टपरीवर ज्यांना मी शिव्या घालायचो, त्यांचंच वाक्य.

वसरामने गाडीत वाकून मूठ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, भोवतीच्या गर्दीकडे पाहिलं आणि मिटलं. त्याचं कोण ऐकणार, हे मला जेवढं कळत होतं तेवढंच त्यालाही.

जिनिंगवाल्याने त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. गाडी विकली गेली. तो दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाऊ लागला. नामदेव कुबडीवर चालतो आणि भेटेल त्याला सांगतो, त्या बेवड्याने माझा पाय नेला. त्या बिचाऱ्याला मी वैरीसुद्धा खोटा दिला. आणि माझं गॅरेज? जोरात चाललं. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं तर हाच मिस्त्री, असं नाव झालं. थू!

अजून संपलं नाही. काही वर्षांनी मुकुटबनकडची माणसं गॅरेजवर आली. वसरामच्या मुलीला पाहायला आली होती. सोयरीक करण्याआधी चार ठिकाणी चौकशी करतात, तशी माझ्याकडे केली — बाप पितो म्हणतात, खरं का? देवाने तोंडात घास आणून द्यावा तशी संधी. एक ‘नाही’ म्हणायचं होतं. मी काय म्हणालो? “घेत होता पयले. आता सोडली त्यानं.” वर स्वतःवरच खूश झालो. मदत केली म्हणे मी!

सोयरीक जुळली. वसराम गॅरेजवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी बॉनेटखाली वाकलेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, “पोरीचं जमलं. तुह्या बोलन्यानं जमलं, थे खरं. पन सोडली म्हन्लं तू. धरली कवा होती मी, तेवढं सांग.”

मी डोकं वर काढलं नाही. नुसताच एक बोल्ट फिरवत राहिलो, आधीच घट्ट कसलेला. मग वसराम गेला.

वसराम कधी दारू प्यायला नाही. गियरची जागा बदललीय हे मी मुद्दाम सांगितलं नाही. मूठ मी बदलली. वसराम अजून तांड्यावरच आहे, नामदेव बोरी अरबला. दोघांच्या दारात जाऊन यायला एक सकाळ पुरते. मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगितलेलं नाही.